जपानी वेळ

फोन पुन्हा तुटला.

स्नेहलनं मोबाईल डब्याला टेकवून उभा केला होता, समोर ओमचं तोंड उगवेल म्हणून. काचेत तिचंच तोंड दिसत राहिलं. डोक्यावर कंपनीची निळी टोपी, डोळ्यांखाली रात्रभराचं जागरण. तिनं परत लावला. वाजला, वाजत राहिला आणि पलीकडून कुणीतरी तोडला.

सातपूरच्या त्या कंपनीत मोबाईल आत नेता येत नाही. सकाळी गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवायचा, तो जेवणाच्या सुट्टीतच हाताला लागायचा. त्या अर्ध्या तासात हात धुवायचे, डबा खायचा, छातीत दाटलेलं दूध बाथरूममध्ये जाऊन पिळून टाकायचं आणि पोराचं तोंड बघायचं. बाकीच्यात कसर झाली तरी चालायची. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर आली, तेव्हा तिनं मनाशी एवढंच बांधून घेतलं होतं, की दुपारी एकदा ओम दिसला की उरलेला दिवस कसाही ओढून नेता येईल.

"परत तोडला?" हर्षालीनं विचारलं. दोघी एकाच टेबलावर माल तपासायच्या आणि एकाच बाकावर जेवायच्या.

"हं."

"सासू रुसली वाटतं."

"रुसायला सवड कुठंय त्यांना."

"मग झोपल्या असतील."

"झोपलेलं माणूस फोन तोडत नाही गं. तोडायला जागं असावं लागतं."

बोलून गेली आणि ते तिचं तिलाच लागलं. पोळीचा मोडलेला तुकडा तिनं तसाच डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

सासूबाईंचं नाव झुंबरबाई. ओम जेमतेम पाच महिन्यांचा होता तेव्हा नामपूरचं घर थोरल्या लेकाच्या हवाली करून त्या कामटवाड्याच्या या दोन खोल्यांत येऊन राहिल्या होत्या. स्नेहलचा नवरा रविराज शीतगृहांची यंत्रं बसवायच्या कामावर, सध्या गुजरातेत. आठ-पंधरा दिवसांनी उगवायचा, ओमला हवेत उडवून खिदळायला लावायचा आणि पुन्हा जायचा. जाताना आपला जुना मोबाईल आईला देऊन गेला, त्यातलं सगळं मराठीत करून. झुंबरबाई चौथी शिकलेल्या. चष्मा लावला की अक्षराला अक्षर जोडत वाचायच्या. पण फोन वाजल्यावर कडेवर पोर असताना चष्मा कुठून सापडणार? म्हणून स्नेहलनं त्यांना रंगावर शिकवलं. हिरवं दाबलं की उचलला, लाल दाबलं की ठेवला.

"कळलं," झुंबरबाई म्हणाल्या होत्या. "मिरचीसारखं. हिरवी तोडायची, लाल राहू द्यायची."

आणि जमलं की! रोज दुपारी काचेत आधी सासूबाईंचा कान यायचा, मग छताचा पंखा गरगरायचा, मग हळूच खाली ओम दिसायचा. बहुतेक वेळा झोपलेला, एक मूठ कानाशी. सासूबाईंचा हात त्याच्या पाठीवर पडत असायचा आणि तोंडानं जप चालू असायचा, एकसुरी, चक्की चालावी तसा. स्नेहल काही बोलायची नाही. त्याही बोलायच्या नाहीत. बोलण्यानं पोर उठलं असतं. दोघी बायका एका झोपलेल्या लेकराकडे दोन टोकांनी बघत बसायच्या आणि सुट्टी संपल्याची घंटा व्हायची.

मग त्या फोनवर ते अपडेट आलं.

रात्रीत आपोआप आलं. सकाळी स्नेहल एका हातानं हेल्मेटचा पट्टा ओढतेय, दुसऱ्या हातानं ओमची लाळ पुसतेय, आणि झुंबरबाई फोन घेऊन समोर. "हा काहीतरी विचारतोय गं. भाषा कोणती, अमकं काय, तमकं काय."

"जे विचारेल ते सांगा आणि 'पुढे' म्हणा, आई. मला उशीर होतोय."

तेव्हापासून फोन तुटायला लागला.

संध्याकाळी चपला काढायच्या आधीच स्नेहलनं विचारलं, "आई, दुपारी फोन का तोडला?"

ओमला खांद्यावर टाकून झुंबरबाई दारातच उभ्या होत्या. तिची स्कूटी खाली वाजली की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या.

"तोडला नाही, उचलत होते."

"अहो, दोनदा तुटला."

"फोन आंधळा झालाय," झुंबरबाई म्हणाल्या. "रंगच जातात त्याचे. समदा राखेचा होतो. तुझा फोटो येतो, तोही राखेचा. खाली दोन गोळे, दोन्ही राखेचे. त्यातला हिरवा कोणता आणि लाल कोणता? एक दाबला, तर तू गेलीस."

"आणि उचलतच नाही कधीकधी, तेव्हा?"

"वाजतच नाही ना तो. समोर धरून बसते म्हणून दिसतो तरी. वर कोपऱ्यात बारका चंद्र उगतो."

"दुपारी?"

"हो, दुपारी."

स्नेहलनं फोन हातात घेतला. पडद्यावर रविराजनं लावलेली वणीची देवी होती. शेंदूर शेंदराच्या जागी, हिरवी साडी हिरवीगार. तिनं स्वतःच्या फोनवरून लावून पाहिला. तो असा खणखणीत वाजला, की ओम दचकला आणि त्यानं भोकाड पसरलं.

"हा बघा. चांगला तर आहे."

"आत्ता चांगला आहे. दुपारी बघ."

"दुपारी मी इथं असते तर फोनच कशाला लागला असता, आई?"

झुंबरबाईंनी रडणारा ओम तिच्या हातात दिला. ओमनं आईच्या गळ्यात तोंड खुपसून तिच्या कानाची पाळी पकडली. ती पाळी हातात आली, की त्याचं रडं थांबायचं. उभ्याउभ्याच स्नेहलच्या डोळ्यांवर झापड आली. तरी तिनं नेटानं विचारलं, "परवा तो विचारत होता तेव्हा काय काय दाबलं तुम्ही?"

झुंबरबाई सुनेशी बोलताना सांभाळून, नाशिकच्या बायकांसारखं बोलायच्या. पण गोंधळल्या, की त्यांची नामपूरकडची अहिराणी पदराआडून बाहेर यायची.

"तूच म्हणाली ना, ईचारं ते सांगा. भाषा ईचारी, ती सांगी. मंग जपानी येळ ईचारी, ती बी दिन्ही."

"कसली वेळ?"

"जपानी येळ."

"जपानी?"

"हां वं. जपानी."

"आणि तुम्ही ती दिलीत?"

"ईचारं तर सांगाले नको? मी खोटं नही सांगं काही."

खोट्याचा इथं काय संबंध, हे विचारायचं स्नेहलच्या जिभेवर आलं होतं. पण ओमचा लंगोट भरला होता, कुकरला शिट्टी यायची होती आणि अंगावर अजून कंपनीचा शर्ट होता. नंतर ओमला पाजताना तिनं एका हातानं त्या फोनमध्ये जपान शोधला. भाषा मराठी. देश भारत. वेळ भारतीय. टोकियोचा कुठं मागमूस नाही. रंगांची सेटिंग पाहिली, तीही जागेवर. फोन बंद करून चालू केला. व्हिडिओत एका पोरानं सांगितलं तसं आणखी काहीबाही केलं. मग तिची मान कलली, आणि फोन ओमच्या पोटावर घसरला.

दुसऱ्या दिवशी हर्षालीला हे सांगितलं तेव्हा ती खोखो हसली.

"अगं, मग बरोबर आहे की! जपान उगवतीकडे. तिकडं आपल्याआधी अंधार पडतो. तुझ्या सासूचा फोन भरदुपारी रात्र झाली म्हणतो, म्हणून तर चंद्र काढतो."

"गप गं."

"खरंच. दुकानात दाखव. म्हणावं, याला जपानातून परत आणा."

दुकानातही दाखवला. त्रिमूर्ती चौकात दीपकचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, एका माणसापुरतं. कामावरून येताना ती आधी घरी गेली, फोन घेतला आणि आंबलेल्या अंगानं तशीच परत निघाली. दीपकनं तोंडात स्क्रू धरूनच विचारलं, "काय होतंय?"

"रंग जातात. काळा-पांढरा होतो."

"मग फोल्डर गेला असेल. आतून-बाहेरून अख्खा डिस्प्ले बदलावा लागेल." त्यानं फोन चालू केला, वर-खाली केला, देवीचा फोटो मोठा केला. "ताई, ह्यात तर सगळे रंग आहेत."

"आत्ता आहेत. दुपारी जातात."

दीपकनं तोंडातला स्क्रू काढून ठेवला. "रोज?"

"रोज. आणि मग परत येतात."

"फोल्डर गेला, की गेला, ताई. दुपारचा जाऊन संध्याकाळी घरी येत नाही तो." मग जरा नरमाईनं म्हणाला, "घरी वापरतं कोण?"

"सासूबाई."

"हां," तो म्हणाला. त्या 'हां'मध्ये सगळं आलं. स्नेहललाही ते ओळखीचं वाटलं, कारण तिच्या मनातही तोच 'हां' बसला होता. डॉक्टरच्या दारात नेलं की पोराचा ताप उतरतो आणि आई खोटी पडते, तशी ती फोन घेऊन परत आली. वाटेत सिग्नलला थांबली असताना मनात जे आलं, ते तिला आवडलं नाही. पण आलं ते आलंच. सासूबाई एकदोनदा म्हणाल्या होत्या, की फोन वाजला की ओम उठतो आणि मग दिवसभर किरकिरतो. म्हणजे त्याच आवाज बंद करत असतील. समोर माझं नाव दिसलं, की तोडत असतील. आणि मग चंद्र, राख, जपान.

गुरुवारी दुपारी तिनं फोन लावला तो वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा तुटला. पुढच्या खेपेला परत नुसताच वाजत राहिला. त्या सकाळी ओमचं अंग जरासं कोमट लागलं होतं. कोमटच, ताप नव्हे. पण कंपनीच्या लॉकरपाशी उभी असताना ते कोमट तिच्या तळहाताला चटके द्यायला लागलं. तिनं साहेबांकडे अर्धी सुट्टी मागितली.

"ताई, रजा संपली ना आता तुमची?" साहेब कागदावरून वर न बघता म्हणाले. "घरचं घरी लावून येत जा. असं मधूनच उठून जाणं परत चालणार नाही."

स्कूटी तिनं कशी आणली ते तिचं तिलाच ठाऊक. दार उघडलं तर घरात एवढी शांतता, की पंख्याचा आवाजही मोठा वाटावा. ओम गोधडीवर झोपलेला, मूठ कानाशी, कपाळ गार. शेजारी झुंबरबाई भिंतीला टेकून, दोन्ही हातांत फोन धरून बसलेल्या, देवाला दिवा दाखवतात तसा. सुनेला बघून त्या धडपडत उठल्या आणि फोन पुढं करायला लागल्या. "बघ, बघ आता, बरी आलीस. हा बघ..."

स्नेहलनं फोनकडे बघितलंच नाही. ती ओमपाशी बसली, त्याच्या कपाळाला हात लावला, मग गालाला, मग पायांना. पायांना हात लागला तेव्हा तिला रडू फुटलं आणि रडण्यातून ते बाहेर पडलं.

"एक फोन उचलायचा असतो, आई. एवढंच तर काम आहे."

बोलताना तिला कळलं, की आपण काय बोललो. एवढंच काम. पहाटे दुधाची बाटली उकळण्यापासून संध्याकाळी तिची स्कूटी वाजेपर्यंत या बाईच्या कडेवरून पोर उतरत नव्हतं. पण बोललेलं काही परत गिळता येत नाही, आणि माफी मागायलाही अंगात थोडं बळ लागतं. ते तिच्यात नव्हतं. झुंबरबाईंनी पुढं केलेला फोन पदरात गुंडाळला आणि त्या भाजी निवडायला बसल्या.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनीच रविराजला फोन लावून द्यायला सांगितलं. स्नेहल ओमला खेळवत असल्यासारखी शेजारच्या खोलीत बसली.

"रवी, मी रविवारी नामपूरला जाते," तिला ऐकू आलं. "नाही रे, भांडण कशाचं. लक्ष्मीसारखी आहे ती. पण एवढंसं पोर माझ्या भरवशावर टाकून ती जीव मुठीत घेऊन कामाला जाते. तिला घास गिळत नाही. माझ्याच्यानं ते बघवत नाही."

मग थोड्या वेळानं, "नवा फोन नको पाठवू. माझ्या हातात आला, की तोही आंधळा होईल."

फोन स्नेहलच्या हातात आला तेव्हा रविराज पलीकडे कसल्याशा यंत्राच्या घरघरीत ओरडून बोलत होता. "काय झालंय नक्की?"

"काही नाही. आई काहीतरी दाबतात आणि फोन लागत नाही."

"मग कोपऱ्यावरचं ते पाळणाघर बघ ना. तिथं क्यामेरा लावलाय म्हणे, मोबाईलवर दिवसभर दिसतं."

"बघितलं मी मागंच. मोठ्या वयाची पोरं घेतात ती. एवढी तान्ही नाही घेत."

"मग?"

"मग काय. नोकरी सोडायची."

"उद्या बोलू," रविराज म्हणाला. दोघंही इतके थकले होते, की उद्या हा शब्द त्यांना पुरला.

शनिवारी कंपनीला सुट्टी. सकाळी तोंड धुवायला गेली तर बाथरूमच्या फळीवर झुंबरबाईंची मशेरीची डबी नव्हती. ती डबी रोज स्नेहलच्या नाकाला खुपायची. आता फळीवर तिचा गोल डाग तेवढा उरला होता, आणि त्याच्याकडे बघत ती ब्रश तोंडात धरून कितीतरी वेळ उभी राहिली. बाहेर आली तर रेक्झिनची बॅग उघडी. झुंबरबाई लुगड्यांच्या घड्या घालत होत्या, एकेका घडीवरून तळहात फिरवत, सुरकुती राहू न देता.

"आई, राहा ना," स्नेहल म्हणाली. पण तिच्या म्हणण्यातच दम नव्हता. 'राहा' म्हणायचं आणि फोन नाही लागला, की पुन्हा तेच बोलायचं? राहा म्हणायला आधी भरवसा लागतो.

"उन्हाळकांदा काढायला येईल आता," झुंबरबाई म्हणाल्या. "तिकडंही माणूस लागतंच."

"दादा-वहिनी आहेत की."

"आहेत."

मग दोघी आपापल्या कामाला लागल्या. स्नेहलनं वरणभात केला, ओमला अंघोळ घातली. तो सकाळपासून आई घरात आहे या आनंदात होता, पण जेवणवेळ झाली तसा किरकिरायला लागला. खुळखुळा फेकला. बोट दिलं, ते चावलं. कडेवर घेतला, तर अंग ताणून मागं पडायला लागला. स्नेहलनं पाजून पाहिलं, फिरवून पाहिलं, खिडकीतून खालची कुत्री दाखवली. पोर कशालाच बधेना.

"काय हवंय रे तुला?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "काय हवंय? भूक नाही, ओलं नाही, आई घरात आहे, अजून काय हवं?"

आतल्या खोलीतून, बॅगेची चेन ओढता ओढता झुंबरबाई म्हणाल्या, "दे त्याले आठे. त्यानी जपानी येळ व्हयनी."

स्नेहल जागच्या जागी थांबली.

"काय म्हणालात?"

"आण म्हटलं इकडं. कधीचा डोळे चोळतोय."

"नाही, नाही. कसली वेळ झाली त्याची?"

"जपानी," झुंबरबाई म्हणाल्या, आणि सुनेचं तोंड बघून त्यांनी दोन्ही तळहात जोडून गालाशी नेले आणि डोळे मिटून दाखवलं. "जपाची. झोपायची गं. आमच्याकडं झोपेला जप म्हणतात."

दारामागच्या स्टुलावर तो फोन पडला होता. स्नेहलनं ओमला सासूबाईंच्या हातात दिलं आणि फोन उचलला. वणीची देवी शेंदराची होती. साडी हिरवीगार होती. ती बघत राहिली. झुंबरबाईंनी पोराला आडवं घेतलं, पाठीवर हात पडायला लागला, आणि त्यांचा तो रोजचा जप सुरू झाला. जप, जप रे बापू, जप, जप. तो देवाचा नव्हताच कधी.

भिंतीवरच्या घड्याळाचे काटे एकावर एक आले. तिच्या हातात देवीची साडी विझली. शेंदूर राख झाला. वर कोपऱ्यात बारकी चंद्रकोर उगवली.

"आई," ती कुजबुजली. "गेले. रंग गेले."

"मी सांगत होते ना," झुंबरबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. नुसता थकवा होता, आणि थोडीशी सुटका.

आता कुठं शोधायचं ते स्नेहलला कळलं होतं. जपान नव्हे, झोप. सापडलं. 'झोपण्याची वेळ.' या वेळेत पडदा रंगहीन राहील, फोन वाजणार नाही. केव्हापासून, दुपारी बारा. केव्हापर्यंत, दुपारी तीन. कुणा शहाण्यानं माणसाला रात्री फोनचा मोह होऊ नये, शांत झोप लागावी म्हणून केलेली सोय ती. तिला हसू आलं.

"आई, हे तुमच्या झोपेचं विचारत होता तो. फोन ज्याचा, त्याच्या झोपेचं. तुम्ही ओमची वेळ सांगितलीत?"

झुंबरबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही प्रश्नच चुकलाय.

"घरमा जपस कोन?" त्या म्हणाल्या. "तोच ना. माले कोन ईचारस, तू कव्हय जपस म्हनीसन?"

मला कोण विचारतं, तू कधी झोपतेस म्हणून. सुनेनं ते मनातल्या मनात मराठीत आणलं, आणि मग आणखी एक गोष्ट आपोआप मराठीत आली. ती गरोदर असताना झुंबरबाई रोज संध्याकाळी नामपूरहून फोन करायच्या आणि ठेवताना न चुकता म्हणायच्या, "जप आते." आता जप. किती गोड वाटायचं तिला. स्वतःला जप, पोटातल्याला जप. जपायच्या नादात ती रात्र-रात्र कूस बदलत जागी राहायची, आणि ती बाई पलीकडून बिचारी सांगत होती, झोप गं बाई आता.

तिनं ती वेळ काढून टाकली. पडद्यावर देवीची साडी पुन्हा हिरवी झाली. मग फोन सासूबाईंच्या मांडीपाशी ठेवला, आवाज अगदी हळू केला आणि आपला फोन घेऊन गॅलरीत गेली. दार लोटून घेतलं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. तिनं फोन लावला.

एकदा वाजला. दोनदा.

मग काचेत सासूबाईंचा कान आला. मग छताचा पंखा.

"कोन?"

"मी आहे, आई. स्नेहल."

"घरातच तर आहेस."

"हो. हिरवा दिसला ना?"

"दिसला. मिरचीसारखा."

"ओम काय करतोय?"

पंखा खाली सरकला आणि ओम आला. मूठ कानाशी, ओठ अर्धवट उघडे. झबल्यावरची पिवळी बदकं पिवळी होती. "जपेल शे," झुंबरबाई कुजबुजल्या. "हळू बोल."

स्नेहल बोललीच नाही. लोखंडी कठड्याला टेकून ती त्या झोपलेल्या लेकराकडे बघत राहिली, जसं काही ती सातपूरला आहे आणि घंटा व्हायला अजून वेळ आहे. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आई, परवा मी तसं बोलायला नको होतं."

पलीकडे हात पाठीवर पडत राहिला.

"उद्या नका जाऊ."

"कांदा..." झुंबरबाई म्हणाल्या आणि थांबल्या. "तो फोन परत आंधळा झाला तर?"

"झाला तर होऊ दे. मला माहीत असेल, की तुम्ही समोर धरून बसलाय."

काचेतलं चित्र हललं. पंखा, भिंत, बॅगेचा कोपरा. मग नुसतं काळं, पदर आला असेल मधे. चेन उघडल्याचा आवाज स्नेहलला फोनमधूनही आला आणि दारातूनही. पावलं बाथरूमकडे गेली. फळीवर पत्र्याची डबी टेकल्याचा आवाज आला.

पावलं परतली. काचेत पुन्हा कान उगवला.

"अजून तिथंच उभी? उन्हात?" झुंबरबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "ये आत. गोधडीवर जागा शे. तू बी जप आते."